चावलं कोण? अंगावरच्या फोडांवरून माग काढताना

कीटक चावल्यावर अंगावर जी गांध उठते, ती आपलंच शरीर उठवतं. डासाच्या सोंडेने पाडलेलं भोक नुसत्या डोळ्यांना दिसतही नाही. पण त्या भोकातून आत गेलेल्या लाळेत रक्त गोठू न देणारी प्रथिनं असतात. आपली रोगप्रतिकारशक्ती त्यांना परकी ठरवते, त्वचेतल्या मास्ट पेशी हिस्टामीन सोडतात आणि त्या जागी सूज, लाली आणि खाज येते. ढेकूण, पिसू, वाळूमाशी यांची लाळ वेगवेगळी असली, तरी त्वचा प्रत्येकीला जवळजवळ सारखंच उत्तर देते. म्हणूनच एका फोडाचा जवळून काढलेला फोटो पाहून ‘हा ढेकणाचाच’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

माग लागतो तो आजूबाजूच्या गोष्टींवरून. फोड शरीराच्या कोणत्या भागावर आहेत, चावल्यापासून किती वेळाने उठले, एकेकटे आहेत की घोळक्याने, घरात आणखी कोणाला आहेत का आणि एकेक फोड किती दिवस टिकतो, या पाच प्रश्नांची उत्तरं एकत्र ठेवली की संशयितांची यादी एकदोनांवर येते.

आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी. चित्रांमध्ये दिसणारी ठसठशीत लाली गोऱ्या त्वचेवरची असते. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर चावा लालऐवजी तपकिरी, जांभळट किंवा नुसताच आजूबाजूपेक्षा गडद दिसतो. तिथे बोट फिरवून उंचवटा, ऊब आणि कडकपणा तपासणं जास्त भरवशाचं. अशा त्वचेवर फोड बसल्यानंतरही काळा डाग काही महिने राहू शकतो. डाग आहे म्हणजे चावा अजून ताजा आहे, असं समजू नये.

दुखलं की खाजलं?

रक्त पिणाऱ्याला गुपचूप पोट भरून निघायचं असतं, त्यामुळे त्याचा चावा त्या वेळी सहसा कळतच नाही आणि खाज मागाहून येते. मधमाशी, गांधीलमाशी, लाल मुंगी, विंचू, गोम यांना आपल्याला दूर पळवायचं असतं, म्हणून वेदना त्याच क्षणी होते. ‘कधी चावलं ते आठवतच नाही’ आणि ‘चटका बसला म्हणून हात झटकला’ या दोन वाक्यांनीच अर्धी यादी गळून पडते. अपवाद गोमाशीचा आणि काळ्या माशीचा. त्या सोंड टोचत नाहीत, कातडी कापतात आणि साचलेलं रक्त पितात. त्यामुळे गोमाशीचा चावा चांगलाच दुखतो आणि दोघींच्याही चाव्याच्या मधोमध रक्ताचा ठिपका राहतो.

डास

डासाची गांध काही मिनिटांत उठते, साधारण २० ते ३० मिनिटांत सर्वात मोठी होते आणि तासाभरात उतरू लागते. इथवर सगळ्यांना माहीत असतं. त्याच जागी दुसऱ्या दिवशी, म्हणजे २४ ते ३६ तासांनी, एक छोटी कडक पुळी उठते आणि ती आठवडाभर खाजत राहते, हे मात्र अनेकांना ठाऊक नसतं. मग परवाच्या डासाचा फोड काल रात्रीच्या कोणाच्या तरी नावावर जमा होतो.

एकाच खोलीत झोपलेल्या दोघांपैकी एकाच्या अंगभर गांधी आणि दुसरा अगदी कोरडा, याचंही कारण लाळेची ओळख हेच. आयुष्यात पहिल्यांदा चावल्यावर काहीच उठत नाही. पुढे आधी फक्त उशिरा येणारी पुळी, मग गांध आणि पुळी दोन्ही, मग फक्त गांध आणि वर्षानुवर्षं चावून घेतल्यावर पुन्हा काहीच नाही, अशा पायऱ्यांनी शरीर सरावतं. लहान मुलं आणि नव्या प्रदेशात राहायला गेलेली मोठी माणसं मधल्या पायऱ्यांवर असतात, म्हणून त्यांना त्रास जास्त.

डासाचे चावे उघड्या अंगावर आणि विखुरलेले असतात, त्यांना रांग किंवा आकृती नसते. पातळ, अंगाला घट्ट बसणाऱ्या कापडातूनही तो चावतो, सैल जाड कापडातून नाही. काही मुलांच्या डोळ्यांची पापणी किंवा अख्खा हात एकाच चाव्याने काही तासांत टम्म फुगतो. बघणारा घाबरून प्रतिजैविक मागतो, पण इतक्या लवकर आलेली, दुखण्यापेक्षा खाजणारी सूज जंतुसंसर्गाची नसून अॅलर्जीची असते.

वाळूमाशी डासाहून खूप लहान, आवाज न करणारी आणि कमजोर उडणारी आहे. तिचे फोड डासासारखेच दिसतात, पण लहान, पुष्कळ आणि बरेच दिवस खाजणारे असतात.

ढेकूण

ढेकणाबद्दल दोन समजुती फार पसरलेल्या आहेत: एक, तो नेहमी तीन चावे ओळीत घेतो, आणि दोन, फोड नाहीत म्हणजे ढेकूण नाहीत. ओळ दिसली तर संशय घ्यायला हरकत नाही. अंथरुणाला टेकलेल्या त्वचेच्या कडेने तो पुढे सरकत चावतो, पिताना माणूस हलला की सुटतो आणि शेजारी पुन्हा टोचतो, त्यातून ओळ तयार होते. पण घोळका असतो, एकटा फोड असतो आणि पिसवाही ओळीत चावतात. दुसरी समजूत जास्त नडते. कित्येक लोकांच्या त्वचेवर ढेकणाच्या चाव्याने काहीच उठत नाही. ज्यांच्या उठतं, त्यांनाही पहिल्या खेपेला फोड यायला दहा ते चौदा दिवस लागू शकतात. म्हणजे प्रवासात चावलेला ढेकूण घरी आल्यावर आठवड्याने दिसतो आणि दोष घरच्या पलंगावर येतो. पुढच्या वेळी मात्र तीच त्वचा काही तासांत फुलते.

चेहरा, मान, दंड, खांदे, म्हणजे झोपेत पांघरुणाबाहेर राहणारा भाग, ही त्याची जागा. काखा, मांड्यांच्या घड्या बहुधा सुटतात. तो पहाटेच्या आधी जास्त बाहेर पडतो, पाच-दहा मिनिटांत पोट भरतो आणि फटीत परततो. नर, मादी, पिल्लं सगळी रक्तच पितात.

त्वचा बघून थांबू नका, गादी बघा. टॉर्च आणि एखादं जुनं पत्त्याचं कार्ड घ्या. गादीच्या शिवणी, कोपरे, पलंगाचे सांधे, स्क्रूची भोकं, डोक्याकडच्या फळीची मागची बाजू या सगळ्या फटींतून कार्ड फिरवा. शाईच्या पेनने टिंब दिल्यासारखे काळे ठिपके ही त्याची विष्ठा. ओल्या कापसाने पुसल्यावर त्याचा तपकिरी-लाल ओघळ येतो, बुरशीचा येत नाही. शिवाय पातळ तपकिरी टाकलेल्या काती, सुमारे एक मिलिमीटर लांबीची पांढरी अंडी आणि चादरीवर रक्ताचे बारीक डाग शोधा. यातलं काहीही सापडेपर्यंत फवारणीवर पैसा घालवू नये. ढेकूण उपाशीपोटी कित्येक महिने जगतो, त्यामुळे खोली दोन आठवडे बंद ठेवणं हा उपाय नाही. कपडे आणि चादरी ६० अंश सेल्सियसला धुतल्याने त्यांतले ढेकूण आणि अंडी मरतात, पण फर्निचरच्या फटी तशाच राहिल्या तर काही दिवसांत सगळं पूर्ववत होतं. एक दिलासा आहे: ढेकूण माणसात कोणताही रोग पसरवतो असं सिद्ध झालेलं नाही.

पिसवा आणि पाखरांचे माइट

पिसू जमिनीवरून उडी मारून चढते आणि तिची उंच उडी साधारण वीतभर असते. म्हणून तिचे चावे घोट्याभोवती, पोटरीवर, मोज्याच्या वरच्या कडेला असतात. गुडघ्याच्या वर एकही फोड नाही आणि खाली दहा-पंधरा, असं चित्र असेल तर पिसूचाच विचार आधी करा. जमिनीवर झोपणाऱ्याला किंवा मांजर मांडीवर घेणाऱ्याला मात्र कुठेही चावते. फोड लहान, कडक, मधोमध लाल टिंब असलेला आणि फार खाजरा.

घरात कुत्रं-मांजर नाही म्हणून पिसू नाही, असं म्हणता येत नाही. पिसूचा कोष महिनोन्महिने फटीत पडून राहतो आणि पावलांचा कंप, ऊब, श्वासातला कार्बन डायॉक्साइड जाणवला की फुटतो. बरेच दिवस बंद असलेल्या घरात शिरताच पायांवर हल्ला होतो तो यामुळे. पांढरे मोजे घालून खोलीभर दहा मिनिटं चालून बघा, काळे उड्या मारणारे ठिपके मोज्यावर दिसतात.

खिडकीत किंवा वातानुकूलन यंत्राच्या खोबणीत कबुतरांचं घरटं असेल आणि पिल्लं उडून गेल्यावर दोन-चार दिवसांत घरातल्यांना कपड्याखाली, कमरेला, काखेजवळ बारीक पुरळ उठलं, तर दोषी बहुधा पाखरांचे माइट, म्हणजे त्यांचं रक्त पिणारे अगदी बारीक जीव, असतात. पाखरं गेली की ते उपाशी पडतात आणि भिंतीवरून आत येतात. माणसाच्या रक्तावर त्यांची पुढची पिढी वाढत नाही. घरटं रिकामं झालं असल्याची खात्री करून ते काढलं, जागा घासून धुतली की प्रश्न मिटतो. खोलीत कितीही फवारलं आणि घरटं तसंच ठेवलं तर मिटत नाही.

उवांचा माग सोपा आहे: मानेच्या मागे आणि कानामागे खाज, आणि केसाला घट्ट चिकटलेल्या, बोटाने न सरकणाऱ्या लिखा. कोंडा सरकतो.

चावा वाटतो, पण खरूज असते

चुकीच्या निदानाचं सर्वात महागडं प्रकरण हेच. आठवड्यांमागून आठवडे माणूस ‘काहीतरी चावतंय’ म्हणत गादी बदलतो, फवारणी करून घेतो आणि तोवर खरूज घरभर होते.

खरजेचा माइट मादी असेल तर ०.३ ते ०.४ मिलिमीटरचा असतो. ती त्वचेच्या वरच्या थरात बोगदा खणून राहते आणि आतच अंडी घालते. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत माणूस ठणठणीत दिसतो आणि इतरांना देत राहतो. दुसऱ्यांदा लागण झाली तर मात्र एक ते चार दिवसांत खाज येते.

ओळखायच्या खुणा अशा. खाज रात्री असह्य होते. बोटांच्या बेचक्या, मनगटाची आतली बाजू, कोपरं, काखा, बेंबीभोवती, कमर, स्तनाग्रांभोवती आणि पुरुषांच्या जननेंद्रियावर पुळ्या येतात. मोठ्या माणसाचा चेहरा सुटतो, तान्ह्या बाळाचा मात्र चेहरा, डोकं, तळहात, तळपाय यांवरही पुरळ येतं. बेचकीत पाच-दहा मिलिमीटरची राखाडी, नागमोडी रेघ दिसली तर तोच बोगदा. दिसत नसेल तर त्या जागी फाउंटन पेनची शाई चोळून स्पिरिटच्या बोळ्याने पुसतात, बोगद्यात शाई राहून रेघ उमटते. नेहमीच्या खरजेत सगळ्या अंगावर मिळून माइट जेमतेम दहा-पंधराच असतात. बाकी सगळं पुरळ अॅलर्जीचं. म्हणून खरवडून तपासणीत माइट सापडला नाही तरी खरूज नाही असं होत नाही.

उपचारात बिघडतं ते औषधामुळे क्वचित, लावण्याच्या पद्धतीमुळे जास्त. ५ टक्के परमेथ्रिन क्रीम मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत, खाजत नाही त्या जागीही, नखांखाली आणि बेंबीतही लावून ८ ते १४ तास ठेवायचं असतं. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. सात ते चौदा दिवसांनी दुसरी फेरी करायची. घरातल्या प्रत्येकाने, खाज असो वा नसो, त्याच दिवशी लावायचं. एक जरी राहिला तरी चक्र पुन्हा सुरू होतं. वापरलेले कपडे आणि चादरी गरम पाण्यात धुवाव्यात किंवा पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवाव्यात, कारण अंगाबाहेर हा माइट दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. बरं झाल्यावरही दोन ते चार आठवडे खाज राहते. ती औषध फसल्याची खूण नव्हे आणि त्यासाठी रोज क्रीम चोपडत राहिलं तर त्वचा जळते. लहान बाळ आणि गर्भवती यांचा उपचार डॉक्टरांना विचारूनच.

न चावता भाजणारा किडा

सकाळी उठल्यावर मानेवर किंवा गालावर चाबूक ओढल्यासारखा लांबट, आग होणारा चट्टा दिसतो, दुसऱ्या दिवशी त्यावर बारीक पिवळसर फोड येतात आणि घरचे म्हणतात नागीण झाली. पुष्कळदा तो पेडेरस नावाचा भुंगेरा असतो. सात ते दहा मिलिमीटर लांब, सडपातळ, डोकं काळं, मधला भाग नारिंगी, पाठीवर निळसर-हिरवी चकाकी आणि शेपटाचं टोक पुन्हा काळं. लांबून मुंगीच वाटतो. पावसाळी दमट हवेत रात्री दिव्याकडे येतो.

तो चावत नाही आणि डंखही मारत नाही. त्याच्या शरीरातल्या द्रवात पेडेरिन नावाचं जहाल रसायन असतं. अंगावर बसलेला किडा झोपेत हाताने चिरडला आणि घासला, की तो द्रव ज्या रेषेत पसरला त्या रेषेत त्वचा भाजते. लक्षण लगेच दिसत नाही, साधारण १२ ते ३६ तासांनी उमटतं. त्यामुळे किड्याशी त्याचा संबंध कोणी जोडत नाही. कोपराच्या किंवा गुडघ्याच्या घडीत चिरडला गेला तर घडीच्या दोन्ही बाजूंना एकमेकांचं प्रतिबिंब असल्यासारखे दोन चट्टे येतात. ही खूण इतकी बोलकी आहे की ती दिसल्यावर वेगळं काही शोधायची गरज क्वचितच पडते. नागिणीत फोड येण्याच्या दोन-तीन दिवस आधीपासून त्या पट्ट्यात ठणका असतो आणि ती एका मज्जातंतूच्या पट्ट्यापुरती, शरीराच्या एकाच बाजूला राहते.

किडा अंगावर दिसला तर फुंकर मारा किंवा कागदावर चढवून बाहेर सोडा. चिरडला गेलाच तर लगेच साबण आणि भरपूर पाण्याने धुवा आणि त्या हाताने डोळे चोळू नका, कारण पेडेरिन डोळ्यात गेलं तर पापण्या सुजून डोळा बंद होतो. अंथरूण-उशीही झटका. चट्टा दहाएक दिवसांत सुकून सोलतो, काळा डाग जास्त रेंगाळतो.

सुरवंटाचे केसही न चावताच त्रास देतात. तिथे चोळू नका. चिकटपट्टी लावून उचकटली की रुतलेले केस तिच्याबरोबर निघतात. पट्टी दर वेळी नवी घ्या, मग धुवा.

गोचीड आणि काळी खपली

गोचीड चावताना दुखत नाही आणि खाजतही नाही. ती तोंड त्वचेत रुतवून दिवसेंदिवस चिकटून राहते आणि फुगते. नवीन आलेला तीळ किंवा चामखीळ वाटते ती, नीट पाहिलं तर पाय असलेली. काखा, जांघा, गुडघ्यामागची खोबण, कानामागे, केसांच्या कडेला शोधावी. काढताना टोकदार चिमटा त्वचेला लागून धरायचा आणि सरळ वर, एकसारखा, सावकाश ओढायचं. पिळायचं नाही, झटका द्यायचा नाही. तेल ओतणं, जळती काडी टेकवणं यांनी ती चटकन सुटत नाही, उलट पोटातला द्रव आपल्या अंगात ओकण्याची शक्यता वाढते. तोंडाचा तुकडा आत राहिला तर खणू नका, त्वचा तो स्वतः बाहेर टाकते. तारीख लिहून ठेवा आणि महिनाभर ताप, अंगदुखी, पुरळ यांवर लक्ष ठेवा. चाव्याभोवती पहिल्या दोन दिवसांत उठलेला छोटा लाल डाग म्हणजे नुसती प्रतिक्रिया. तीन ते तीस दिवसांनी उमटून पसरत जाणारं, पाच सेंटिमीटरहून मोठं वर्तुळ हे लाइम या गोचिडीमार्फत होणाऱ्या जंतुसंसर्गाचं लक्षण असतं आणि त्याला प्रतिजैविक लागतं.

याहून फसवी आहे ती चिगर माइटची अळी. झुडपांत, गवतात ती अंगावर चढते आणि इतकी बारीक असते की दिसत नाही. काही भागांत तिच्यामार्फत स्क्रब टायफस होतो. चावल्यानंतर साधारण दहा दिवसांनी थंडी वाजून ताप, डोकेदुखी सुरू होते आणि काख, जांघ, कमरपट्ट्याखाली किंवा स्तनाखाली सिगारेटने भाजल्यासारखी काळी, अजिबात न दुखणारी खपली असते. न दुखल्यामुळे रुग्ण ती सांगत नाही. कारण न कळणारा ताप असेल तर सगळे कपडे काढून, घड्या उलगडून अंग तपासायला हवं. वेळेत दिलेल्या डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाने हा ताप झपाट्याने उतरतो, निदान चुकलं तर जिवावर बेततो.

डंख

मधमाशीचा काटा दातेरी असतो, तो विषाच्या पिशवीसकट त्वचेत राहतो आणि माशी गेल्यावरही पिशवी विष ढकलत राहते. बहुतेक विष पहिल्या वीस-तीस सेकंदांतच आत जातं. त्यामुळे काटा नखाने काढावा, कार्डाने खरवडावा की चिमट्याने, हा वाद घालण्यात वेळ घालवू नका, जसा निघेल तसा काढा. काटा राहिलेला नसेल आणि एकाच जागी दोन-तीन डंख असतील तर गांधीलमाशी. तिचा काटा गुळगुळीत, ती पुन्हा पुन्हा मारते.

फायर अँट जातीच्या मुंग्यांचे डंख घोळक्याने, बऱ्याचदा गोलाकार असतात, कारण मुंगी जबड्याने धरून भोवती फिरत अनेकदा डंख मारते. एका दिवसात प्रत्येकावर पांढरा पूसदार फोड येतो. तो पू जंतूंचा नसतो, फोडला तर मात्र जंतू आत जातात.

डंखानंतर सूज दहा सेंटिमीटरच्या पुढे जाणं, दुसऱ्या दिवशी वाढणं आणि आठवडाभर राहणं हे त्रासदायक असलं तरी धोक्याचं नाही. धोका शरीराच्या इतर भागांत दिसतो. डंख पायाला आणि गांधी अंगभर, ओठ-जीभ सुजणं, आवाज घोगरा होणं, दम लागणं, उलट्या, चक्कर, शुद्ध हरपणं, यांतलं काही मिनिटांत ते तासाभरात सुरू झालं तर ती अॅनाफायलॅक्सिस, म्हणजे जीवघेणी अॅलर्जी, आहे. तिचं औषध एकच: मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत अॅड्रेनलिन. मात्रा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम, मोठ्यांना एका वेळी जास्तीत जास्त ०.५ मिलिग्रॅम. अॅलर्जीची गोळी देऊन वाट बघणं ही इथे सर्वात घातक चूक ठरते. रुग्णाला आडवं ठेवा, पाय उंच करा (दम लागत असेल तर बसू द्या), उठवून चालवू नका आणि तातडीने रुग्णालयात न्या. एकाच वेळी डझनावारी डंख लागले असतील तर अॅलर्जी नसली तरी विषाचा भार म्हणून रुग्णालय गाठावं.

विंचवाच्या डंखाची गंमत उलटी: त्वचेवर जवळजवळ काहीच दिसत नाही आणि वेदना मात्र भयंकर. खूण छोटी म्हणून धीर धरू नका. दरदरून घाम, उलट्या, थंड पडलेले हातपाय, बेचैनी दिसली, विशेषतः मुलांत, तर एक मिनिटही घरी थांबू नये. आवळपट्टी बांधणं, चिरा मारणं टाळावं. गोमेच्या चाव्यात एकमेकांशेजारी दोन भोकं आणि जोरदार ठणका असतो. सोसवेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४० ते ४५ अंशांच्या, १५-२० मिनिटं तो भाग बुडवल्याने आराम पडतो.

कोळ्याला मात्र विनाकारण बदनाम केलं जातं. झोपलेल्या माणसाला चावण्यात त्याला काही मिळत नाही. ‘कोळी चावला’ म्हणून दाखवले जाणारे दुखरे, गरम, पू धरलेले गोळे बहुतेक वेळा स्टॅफिलोकॉकस जंतूमुळे झालेलं केसतूड असतात.

पेनाची परीक्षा

चावा की अंगावर उठलेलं पित्त, हे ठरवायला बॉलपेन पुरतो. एका गांधीभोवती कडेकडेने रेघ ओढा आणि वेळ लिहा. २४ तासांच्या आत त्या रेघेतली गांध खूण न ठेवता गेली आणि दुसरीकडे नवी उठली, तर ते पित्त. फोड तिथेच बसून असेल तर चावा किंवा दुसरं काही. हीच रेघ जंतुसंसर्गासाठीही कामाची. चाव्याच्या पहिल्या दिवशीची खाजरी लाली संसर्गाची नसते. दोन-तीन दिवसांनी रेघ ओलांडून पुढे जाणारी, हात लावल्यावर गरम आणि दुखरी लाली, सोबत ताप किंवा अंगावर वर चढत जाणारा लाल पट्टा, ही संसर्गाची लक्षणं. खाजवलेल्या जागी मधासारखी पिवळी खपली धरली तरी डॉक्टर गाठावा.

अंगावर एकही मूळ फोड नाही, फक्त नखांचे ओरखडे आहेत आणि खाज सहा आठवड्यांहून जुनी, तर कीटक शोधणं थांबवा. कोरडी त्वचा, एखादं नवं औषध, थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड यांचे विकार हे शोधायला हवेत आणि त्यांतले विकार रक्ततपासणीत कळतात.

दोन ते दहा वर्षांच्या मुलांत आणखी एक गोंधळ होतो. पायांवर, दंडांवर खाजऱ्या पुळ्यांची पिकं येत राहतात, घरात बाकी कोणाला काही नाही आणि नवा चावा एकच असला तरी जुन्या, सुकलेल्या पुळ्या पुन्हा फुलतात. ही चाव्यांची अॅलर्जी आहे, रक्त बिघडल्याचं लक्षण नाही आणि पथ्याने जात नाही. वय वाढलं की बहुतेकांची आपोआप ओसरते. तोवर नखं कापून ठेवणं, पूर्ण बाह्यांचे कपडे, मच्छरदाणी आणि पाळीव प्राण्याच्या पिसवांचा बंदोबस्त एवढं करावं.

खाजेवर काय लावायचं

साबण-पाण्याने धुऊन कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरणं ही सुरुवात. खाज फार असेल तर १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन क्रीम दिवसातून दोनदा, जास्तीत जास्त आठवडाभर. झोप मोडत असेल तर सेटिरिझिन ही अॅलर्जीची गोळी. मोठ्यांना रात्री १० मिलिग्रॅमची एक गोळी, मुलांना वजनाप्रमाणे. अंगाला लावायचं अँटीहिस्टामीन (अॅलर्जीच्या औषधाचं) मलम स्वतःच किंवा उन्हात गेल्यावर नवी अॅलर्जी देऊ शकतं, म्हणून ते नको. तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र केलेली मलमं तर अजिबात नकोत. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून ती लोकप्रिय आहेत. पण त्याखाली खरूज किंवा नायटा दबून पसरतो आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा खरी खूणच पुसलेली असते.

अंगाला लावायच्या डासरोधकात २० ते ३० टक्के डीट किंवा २० टक्के पिकारिडिन पुरेसं असतं. टक्केवारी वाढवली की परिणामाचा काळ वाढतो, जोर नाही. सनस्क्रीन आधी लावा, डासरोधक त्यावर. दोन महिन्यांखालच्या बाळाला काहीच न लावता मच्छरदाणी वापरावी.

डॉक्टरांकडे जाताना फोड ताजा असतानाचे दोन फोटो न्या: एक जवळून, एक लांबून, ज्यात शरीराचा तो पूर्ण भाग आणि फोडांची मांडणी दिसेल. लांबूनचा जास्त उपयोगी पडतो. किडा सापडला असेल तर पारदर्शक चिकटपट्टीत दाबून किंवा छोट्या डबीत बंद करून सोबत घ्या; मेलेला, अर्धा तुटलेलाही चालतो.